मूळ प्रत आणि नवी प्रत : 'पोकेमॉन गोल्ड' व 'सिल्व्हर' (१९९९) आणि त्यांची पुनर्रचना (२००९)

२१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'पोकेमॉन सिल्व्हर' हे दोन जुळे व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाले. १२ सप्टेंबर २००९ रोजी तेच दोन खेळ 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' ह्या नावांनी, नव्या यंत्रासाठी नव्याने रचून, त्याच निर्मात्यांनी पुन्हा बाजारात आणले. कथा तीच, प्रदेश तोच, वाटा बहुतांशी त्याच. त्यामुळे पुढील काळात ह्या खेळाविषयी बोलणाऱ्यांत असा समज रूढ झाला की, नवी प्रत म्हणजे जुन्या प्रतीचेच अधिक पूर्ण आणि अधिक नीटस रूप होय. ती हाती असताना जुनीकडे वळण्याचे प्रयोजन उरत नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा समज क्षम्य आहे. इतिहासाच्या अभ्यासकास तो परवडणारा नाही. नव्या प्रतीत जे आढळते त्यातील १९९९ चे किती आणि २००९ चे किती, हे ठरविल्यावाचून तिचा साधन म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे. आणि जुनी प्रत तिच्या घडणीतील एका वैगुण्यामुळे दिवसेंदिवस क्षीण होत चालली असल्याने हा प्रश्न लांबणीवर टाकण्याजोगाही राहिलेला नाही.

ज्यांचा ह्या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देणे आवश्यक आहे. निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' नावाचे हातात मावणारे खेळयंत्र विक्रीस आणले. त्याचा पडदा १६० × १४४ बिंदूंचा आणि चारच छटांचा होता. परंतु दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती. सातोशी ताजिरी ह्या तरुणाने आरंभी 'गेम फ्रीक' ह्या नावाचे एक हौशी नियतकालिक चालविले आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी स्थापन केली. बालपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या ताजिरींना ह्या लिंक केबलमध्ये एक निराळीच शक्यता दिसली : एका मुलाच्या यंत्रातील प्राणी तारेवरून दुसऱ्याच्या यंत्रात जाऊ शकेल. ह्या कल्पनेतून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'पोकेमॉन रेड' व 'ग्रीन' हे दोन खेळ निघाले. खेळाडूने रानावनांतून हिंडून काल्पनिक प्राणी पकडावेत, त्यांस वाढवावे, इतरांच्या प्राण्यांशी झुंजवावे आणि सर्व जातींची नोंदवही पूर्ण करावी, असे त्याचे स्वरूप. दोन आवृत्त्यांपैकी कोणत्याही एकीत सगळ्या जाती सापडत नसत. संग्रह पूर्ण करावयाचा तर दुसऱ्या कोणाशी तरी देवघेव करणे भागच होते. जातींची एकूण संख्या १५१ होती. त्यांपैकी एक प्राणी शिगेकी मोरिमोतो ह्या तंत्रज्ञाने अगदी अखेरच्या क्षणी, कार्ट्रिजमध्ये उरलेल्या थोड्याशा जागेत, घातला होता. हेच मोरिमोतो पुढे २००९ च्या पुनर्रचनेचे दिग्दर्शक झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता पुनर्रचनेची प्रथा मुळात का सुरू झाली, हे पाहावयास हवे. ह्याचे उत्तर सहसा 'स्मरणरंजन' ह्या एका शब्दात दिले जाते. ते अपुरे आहे. २१ नोव्हेंबर २००२ रोजी 'रुबी' व 'सफायर' हे खेळ 'गेम बॉय ॲडव्हान्स' ह्या नव्या यंत्रासाठी निघाले, तेव्हा प्राण्यांची माहिती साठविण्याची पद्धत बदलली आणि जुन्या खेळांतील प्राणी नव्यात आणण्याचा मार्ग बंद झाला. तोवर १९९६ च्या खेळातील प्राणी १९९९ च्या खेळात नेता येत असे, आणि काही अटींवर परतही आणता येत असे. ती परंपरा येथे खंडित झाली. शिवाय नव्या खेळांत पूर्वीच्या अनेक जाती मिळण्याची तजवीजच नव्हती. त्यांची नावे यंत्राच्या पोटात होती, पण त्यांना पकडता येईल असे रान कोठेही नव्हते. २९ जानेवारी २००४ रोजी 'फायररेड' व 'लीफग्रीन' ही पहिली पुनर्रचना आली ती ह्या पोकळीत. १९९६ चा प्रदेश पुन्हा उभा राहिला, कारण १९९६ च्या प्राण्यांना पुन्हा राहावयास जागा हवी होती. ह्या दृष्टीने पाहता पुनर्रचना ही प्रथमतः तुटलेली साखळी सांधण्याची तजवीज होती. स्मरणरंजन हे तिचे व्यापारी वेष्टन होते, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

'गोल्ड' व 'सिल्व्हर' ह्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्यांच्या बाबतीत मूळ प्रतीच्याही मागे एक मसुदा आहे. नोव्हेंबर १९९७ मधील 'स्पेस वर्ल्ड' ह्या प्रदर्शनात हे खेळ अपुऱ्या अवस्थेत लोकांना खेळावयास दिले होते. तो मसुदा वीस वर्षे कोणाच्या पाहण्यात नव्हता. ३१ मे २०१८ रोजी त्याची नक्कल, कंपनीच्या संमतीवाचून, सार्वजनिक झाली, आणि अभ्यासकांसमोर एक वेगळाच खेळ आला. त्यात पुढे टाकून दिलेले अनेक प्राणी आहेत. आरंभी निवडावयाच्या तीन प्राण्यांपैकी अग्नीचा प्राणी अस्वलासारखा आहे. सर्वांत लक्षणीय त्याचा नकाशा : तो जवळजवळ संपूर्ण जपानचा आहे, आणि १९९६ च्या खेळाचा सबंध प्रदेश, म्हणजे कांतो, त्यात एका गावाएवढा आकसला आहे. १९९९ मध्ये प्रत्यक्षात जे प्रसिद्ध झाले ते ह्याच्या उलट होते. जोतो हा जपानच्या पश्चिमेकडील कान्साई भागावर बेतलेला नवा प्रदेश, आणि कथा संपली असे वाटत असतानाच त्याच्या पूर्वेस उघडणारा जवळजवळ सगळा जुना कांतो. आठ पदकांचा खेळ सोळा पदकांचा झाला.

हे कसे घडून आले ह्याविषयी एक कथा प्रचलित आहे. त्या काळी 'हॅल लॅबोरेटरी' ह्या कंपनीचे अध्यक्ष असलेले सातोरू इवाता ह्यांनी आपल्या कौशल्याने सगळी सामग्री इतकी संकुचित करून दिली की, त्या उरलेल्या जागेत अख्खा कांतो बसला, अशी ती कथा. तिचा उगम शोधू गेल्यास तो २००९ च्या एका मुलाखतीशी येऊन थांबतो. ही मुलाखत नव्या पुनर्रचनेच्या प्रसिद्धीनिमित्त कंपनीनेच छापली होती आणि तीत प्रश्न विचारणारे खुद्द इवाता, तोवर निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले, हेच होते. तिच्यात इवातांनी प्राण्यांची चित्रे संकुचित करण्याची साधने तयार करून दिल्याचा उल्लेख येतो; कांतोचे श्रेय हे पुढील सांगणाऱ्यांनी त्यात भरले आहे. २०१५ मध्ये इवातांचे निधन झाले, त्यानंतर तर ह्या कथेस श्रद्धांजलीचे रूप आले आणि ती तपासणे हे औचित्यभंगासारखे वाटू लागले. येथे दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, १९९९ विषयीची पुष्कळशी 'माहिती' २००९ च्या निमित्ताने निर्माण झालेली आहे. पुनर्रचनेने केवळ खेळ नव्हे तर त्याचा इतिहासही नव्याने रचला. दुसरे, जे साधन उत्पादकानेच आपल्या मालाच्या विक्रीकाळी प्रसिद्ध केले, त्यास दरबारी बखरीपेक्षा अधिक मान देण्याचे कारण नाही. बखर टाकाऊ नसते. पण ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे आधी विचारावे लागते.

आता दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून पाहू. तुलनेस सर्वांत योग्य स्थळ म्हणजे हाच कांतो होय, कारण तेथे तीन काळांचे थर एकावर एक आहेत : १९९६, १९९९ आणि २००९. स्थळांची नावे पुढे इंग्रजी आवृत्तीप्रमाणे दिली आहेत.

१९९६ च्या खेळातील कांतो १९९९ मध्ये परत आला तो अनेक ठिकाणी कापलेला होता. व्हिरिडियन अरण्य, जेथे पहिल्या खेळात प्रत्येक मूल प्रथम वाट चुकले, ते एका रस्त्याच्या कडेच्या झाडीइतके उरले. सफारी उद्यानाचे दार बंद. तेथील रखवालदार परगावी गेलेला. सेरुलियन गुहा नाहीशी झालेली. लॅव्हेंडर गावच्या प्राण्यांच्या स्मशानमनोऱ्याचे आकाशवाणी केंद्र झालेले. आणि सिनाबार बेट तर ज्वालामुखीच्या उद्रेकाने उद्ध्वस्त झालेले. तेथील प्रयोगशाळा, तो पडका वाडा, सारे लाव्ह्याखाली. कार्ट्रिजमधील जागेची टंचाई हे ह्या कपातीचे कारण असावे, असा तर्क सहज होतो. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही टंचाई लेखकांनी कथेत रूपांतरित केली. पहिल्या खेळानंतर तीन वर्षे लोटली आहेत अशी कल्पना करून, जे बसले नाही ते काळाने नष्ट केले असे त्यांनी सांगितले. त्यामुळे १९९९ मध्ये जुन्या प्रदेशात परतणाऱ्या खेळाडूस आपल्या बालपणीचे गाव बदललेले पाहण्याचा जो अनुभव आला, तो ह्या खेळाच्या सर्व स्तुतिपाठांत नमूद झालेला आहे.

२००९ मध्ये जागेची टंचाई नव्हती. मग संपादकांनी काय केले? (त्यांस संपादक म्हणणेच योग्य आहे.) त्यांनी व्हिरिडियन अरण्य पुन्हा वाढविले. सेरुलियन गुहा उघडली. सीफोम बेटांच्या आतील भुयारे पूर्ववत केली. सफारी उद्यान जोतोच्या पश्चिम टोकास नव्या जागी नेले. परंतु सिनाबारचा ज्वालामुखी तसाच ठेवला, आणि लॅव्हेंडरचे आकाशवाणी केंद्रही. ह्या निवडीत एक तत्त्व दिसते. जी गाळणी निव्वळ गाळणी होती ती भरून काढली. ज्या गाळणीस कथेने कारण दिले होते ती घटना म्हणून मान्य केली. जागेअभावी सुचलेला उद्रेक दहा वर्षांत त्या प्रदेशाच्या इतिहासाचा भाग झाला होता आणि तो पुसणे आता त्याच्या निर्मात्यांनाही शक्य झाले नाही. परंतु ह्याचा परिणाम असा की, केवळ नवी प्रत पाहणाऱ्यास सिनाबारचा नाश हा हेतुपूर्वक योजलेला कथाप्रसंग वाटतो, आणि व्हिरिडियन अरण्य १९९९ मध्येही असेच होते असे वाटते. दोन्ही अनुमाने सारखीच चुकीची आहेत.

एके ठिकाणी मात्र संपादकांची मूळ पाठावरील निष्ठा समजण्यास कठीण आहे. जुन्या खेळात जोतोचा अंतिम विजेता लान्स ह्याच्या सर्वांत बलवान प्राण्याची पातळी ५० आहे आणि त्यानंतर उघडणाऱ्या कांतोतील रानटी प्राणी त्याहून पुष्कळच दुबळे आहेत. अखेरीस सिल्व्हर पर्वताच्या शिखरावर पहिल्या खेळाचा नायक रेड एकाही शब्दावाचून उभा असतो. त्याच्या पिकाचूची पातळी ८१. म्हणजे ५० पासून ८१ पर्यंत चढावयाचे आणि वाटेत योग्य असा पायऱ्यांचा रस्ता नाही. हे वैगुण्य तेव्हाही ठाऊक होते. २००९ मध्ये ते दुरुस्त करणे सोपे होते. तसे न करता लान्सची पातळी ५० च ठेवली आणि पिकाचूची ८८ केली! रेडच्या चमूत एस्पिऑनच्या जागी लाप्रास आला, शिखरावर गारांचा वर्षाव सुरू झाला, पण ती दरी आणखी रुंदावली. ह्यास निष्ठा म्हणावे की अनवधान, हे ठरविण्यास पुरावा नाही.

नव्या प्रतीस 'गोल्ड'ची पुनर्रचना म्हणणेही काटेकोरपणे बरोबर नाही. १४ डिसेंबर २००० रोजी 'क्रिस्टल' नावाची तिसरी आवृत्ती निघाली होती. सुइकून ह्या प्राण्यामागे धावणारा यूसीन नावाचा मनुष्य आणि त्याची उपकथा प्रथम तीत आली. खेळाडूस मुलगी होऊन खेळण्याची मुभाही प्रथम तीतच मिळाली. २००९ च्या प्रतीत यूसीन आहे, सुइकूनची कथाही आहे. म्हणजे पाठ मिश्र आहे. परंतु 'क्रिस्टल'मधील ती मुलगी, क्रिस, नाही. तिच्या जागी वेगळ्या वेषाची, वेगळ्या नावाची दुसरीच मुलगी आली आहे. मालिकेतील पहिली नायिका अशा रीतीने 'अधिक पूर्ण' मानलेल्या प्रतीतून गळाली, आणि जो केवळ ही प्रत पाहील त्यास ती होती ह्याचा मागमूसही लागणार नाही. तिच्याखेरीज मिश्रणाचा आणखी एक थर आहे : झुंजीचे नियम, प्राण्यांची ४९३ ही संख्या, अनेक रूढ सोयी ह्या २००६ च्या 'डायमंड' व 'पर्ल' ह्या खेळांतून आलेल्या आहेत. मराठी अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली तेव्हा शुद्ध पाठाच्या मागे काय झाकले गेले होते ह्यावर मोठा वाद माजला. फरक इतकाच की येथे शुद्ध करणारे आणि मूळ रचणारे पुष्कळ अंशी एकच होते, आणि म्हणून त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा मोह अधिक आहे.

भाषांतराच्या इतिहासासाठीही ह्या दोन प्रतींची तुलना फलदायी आहे. क्योतो नगरावर बेतलेल्या एक्रुटीक गावात नऊ मजल्यांचा एक मनोरा आहे. त्याचे जपानी नाव 'सुझु नो तो'. 'सुझु' ह्या उच्चाराचे जपानीत दोन अर्थ होतात, कथील आणि घंटी. चिनी चित्रलिपीत लिहिल्यास दोहोंचा भेद कळतो. परंतु मुलांसाठी असलेल्या ह्या खेळात सारा मजकूर उच्चारानुसारी लिपीत होता. इंग्रजी भाषांतरात २००० मध्ये त्याचा 'टिन टॉवर' झाला. २०१० च्या इंग्रजी आवृत्तीत तोच मनोरा 'बेल टॉवर' आहे, आणि नव्या कथेत घंटीस महत्त्वही आले आहे. मूळ लेखकांच्या मनात दोहोंपैकी काय होते, की दोन्ही होते, हे नव्या प्रतीवरून मागे जाऊन सांगता येत नाही. कथिलाच्या मनोऱ्याखाली दहा वर्षे खेळलेल्या इंग्रजी वाचकाचे नाव चुकीचे ठरले, एवढे खरे.

कोठे काय गाळावे हे नेहमी कलाविचारानेच ठरले असे नाही. गोल्डनरॉड शहरातील जुगारघरात जुन्या खेळात नाणी टाकून फिरवावयाची चक्रे होती. २००९ च्या जपानी प्रतीत ती कायम आहेत. जपानबाहेरील प्रतींत त्यांच्या जागी अंकांचे एक वेगळेच कोडे घातले आहे. जुगाराचे अनुकरण दाखविणाऱ्या खेळांविषयी युरोपातील वयोमर्यादेचे वर्गीकरण तोवर कडक झाले होते. तेव्हा 'नवी प्रत' असे एकवचनी बोलणेही चूकच आहे. कोणत्या भाषेतील, हे सांगितल्यावाचून त्या उल्लेखास अर्थ नाही.

परंतु दोन प्रतींतील सर्वांत मूलगामी भेद पडद्यावर दिसत नाही. तो काळाचा आहे. जुन्या 'गोल्ड'च्या कार्ट्रिजमध्ये एक घड्याळ होते. खेळ बंद असला तरी ते चालत राही. त्यामुळे खेळातील दिवस आणि बाहेरचा दिवस एकच असे. रात्री निघणारी घुबडे रात्रीच सापडत. युनियन गुहेतील लाप्रास केवळ शुक्रवारी दिसे. किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरे. खेळाच्या आरंभी, पडदा अंधारलेला असताना, किती वाजले असे खेळाडूस विचारले जाई, आणि पुढे आई वार विचारी. म्हणजे काळाची साक्ष खेळाडूच्या शब्दावर होती, आणि ज्या मुलास रात्री जागण्याची परवानगी नसे ते खोटी वेळ सांगून घुबड पकडू शके. २००९ मध्ये हा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही. 'निन्टेन्डो डीएस' ह्या यंत्राचे स्वतःचे घड्याळ होते आणि खेळ तेच वापरी. रात्रही सरकली. जुन्या खेळात सायंकाळी ६ वाजता रात्र होई, नव्यात ८ वाजता. ही वेळ 'डायमंड' व 'पर्ल'कडून आलेली आहे.

जुन्या कार्ट्रिजमधील ते घड्याळ एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चाले, आणि खेळाडूची नोंद, म्हणजे त्याने पकडलेले प्राणी, त्यांची नावे, त्याची प्रगती, ही जपण्याचे कामही तीच बॅटरी करी. घड्याळ अखंड चालत असल्यामुळे ती लवकर क्षीण होई. तिचा शेवट झाला की नोंद पुसली जाते. खेळ सुरू होतो, पण जतन होत नाही. यंत्र बंद करताच आतला काळ थांबतो. ही बॅटरी फलकास डाग देऊन जोडलेली असल्याने ती बदलणेही सोपे नाही, आणि आधी नक्कल काढून घेतली नसेल तर बदलताना नोंद जातेच. खेळाची संहिता लाखो कार्ट्रिजांत सारखीच आहे; ती एखाद्या छापील ग्रंथासारखी असून तिच्या प्रती पुष्कळ उरतील. परंतु नोंद ही प्रत्येक कार्ट्रिजमधील एकमेव हस्तलिखित होय. तीतील प्रत्येक प्राण्यावर त्यास प्रथम पकडणाऱ्या खेळाडूचे नाव आणि पाच अंकी क्रमांक कोरलेला असे, आणि देवघेवीत प्राणी दुसऱ्याकडे गेला तरी ती मुद्रा कायम राही. १९९९ ते २००२ ह्या काळात मुलांनी हा खेळ प्रत्यक्षात कसा खेळला, कोणाशी कसली देवघेव केली, प्राण्यांना कोणती नावे दिली, ह्याचा अस्सल पुरावा ह्या नोंदींतच आहे. तो रोज थोडा थोडा पुसला जात आहे. २००९ च्या प्रतीत तो नाही, आणि येऊही शकला नसता. कारण गेम बॉयमधील प्राणी डीएसमध्ये आणण्याचा कोणताच मार्ग नव्हता. गेम बॉय ॲडव्हान्समधील प्राणी एकाच दिशेने आणता येत, तेही ज्या डीएसला जुन्या कार्ट्रिजची खाच होती तिच्यातच. तुटलेली साखळी सांधावयास आलेल्या पुनर्रचनेने प्राण्यांच्या जाती परत आणल्या. प्राणी परत आणले नाहीत.

नवी प्रत तरी टिकाऊ आहे काय? तिच्याबरोबर 'पोकेवॉकर' नावाचे खिशात ठेवावयाचे पाऊलमापक यंत्र दिले जाई. खेळातील एक प्राणी त्यात घालून फिरावयास न्यावयाचा आणि चाललेल्या पावलांनुसार नवे प्राणी मिळवावयाचे. कार्ट्रिज विकताना ते लहानसे यंत्र हरवलेले असले की खेळाचा तेवढा भाग बंद झाला. दूरच्या खेळाडूंशी देवघेव करण्याची निन्टेन्डोची डीएसवरील सेवा २० मे २०१४ रोजी थांबली. सेलेबी ह्या प्राण्याच्या साह्याने भूतकाळात जाण्याचा जो प्रसंग नव्याने लिहिला होता, ज्यात खेळाडूचा प्रतिस्पर्धी मुलगा हा गुन्हेगारांच्या नायकाचा पुत्र असल्याचे सूचित होते, तो पाहण्यासाठी कंपनीने ठराविक दिवशी वाटलेला सेलेबी लागे. ते वाटप संपले आहे. कार्ट्रिजमध्ये प्रसंग आहे, दाराची किल्ली नाही. जुन्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर'ची संहिता २२ सप्टेंबर २०१७ रोजी 'निन्टेन्डो ३डीएस'वर जशीच्या तशी पुन्हा प्रसिद्ध झाली, तारेऐवजी बिनतारी देवघेवीसह. पण त्या यंत्रावरील विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली.

ह्या साऱ्याच्या पार्श्वभूमीवर २००९ च्या प्रतीतील एका लहानशा वस्तूकडे लक्ष वेधणे योग्य होईल. सोळाही पदके मिळविणाऱ्या खेळाडूस तीत एक वाद्यपेटी मिळते. ती सुरू केली की नव्या, समृद्ध केलेल्या संगीताऐवजी गेम बॉयच्या काळचे तुटक, मोजक्या स्वरमार्गांचे संगीत वाजू लागते, आणि पडद्यावर २००९ चे चित्र असताना कानांवर १९९९ येते. निर्मात्यांनी जुन्या प्रतीचा एक अंश नवीत जपून ठेवला, असा तिचा गौरव सामान्यतः केला जातो. परंतु १९९९ च्या खेळात जी स्थळे नव्हतीच, जसे सफारी उद्यानाकडे जाणारा नवा रस्ता, तेथेही ही पेटी मुकी राहत नाही. त्या स्थळांसाठी जुन्या धर्तीचे संगीत २००९ मध्ये नव्याने रचले आहे, आणि ते इतके कसोशीने की, केवळ ऐकून कोणते खरे जुने आणि कोणते जुन्यासारखे केलेले हे ओळखता येणे कठीण आहे. ते ओळखावयाचे तर जुने कार्ट्रिज जुन्या यंत्रात घालून त्या त्या रस्त्यावर चालत जावे लागते. आतील बॅटरी संपलेली असली तरी एवढे करता येते. नोंद गेलेली असते, घड्याळ थांबलेले असते, खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो आणि अंधाऱ्या पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न येतो, किती वाजले.